हेर्नहूटचा पंचवीस टोकांचा तारा : लहान मंडळीने कोणता घ्यावा आणि कसा जोडावा

साठ-सत्तर माणसांची मंडळी असेल आणि आगमनकाळासाठी, म्हणजे नाताळाआधीच्या चार रविवारांसाठी, उपासनामंदिरात एकच नवी वस्तू आणायची असेल, तर आत दिवा लावून टांगायचा हेर्नहूटचा कागदी तारा आणावा. ६० सेंटिमीटरचा, सुटा, स्वतः जोडायचा. प्लॅस्टिकचा ताराही चांगला आहे, पण त्याची जागा पोर्चमध्ये. आत मात्र कागदीच हवा, कारण तो जोडायला एका संध्याकाळी दहा-बारा माणसं एका टेबलाभोवती बसवावी लागतात. आपल्याकडे बऱ्याच मंडळ्यांत आगमनकाळाचे पहिले दोन रविवार गायनाच्या तालमीपलीकडे फारसे जाणवत नाहीत आणि सजावट वीस डिसेंबरनंतर धावतपळत होते. हा तारा पहिल्या रविवारच्या आदल्या दिवशीच सगळ्यांना कामाला लावतो. त्यासाठीच तो घ्यावा.

हेर्नहूट हे जर्मनीतल्या सॅक्सनीमधलं छोटं गाव. छळामुळे मोरावियातून (आजच्या चेक प्रजासत्ताकातला प्रांत) बाहेर पडलेल्या विश्वासणाऱ्यांनी काउंट झिंझेनडॉर्फ या जर्मन सरदाराच्या जमिनीवर १७२२ मध्ये ते वसवलं. हीच पुढे मोरावियन मंडळी म्हणून ओळखली गेली. आपल्या देशात लेहला त्यांचं काम १८८५ पासून आहे. तारा जन्मला तो त्यांच्या मुलांच्या वसतिगृहांत, एकोणिसाव्या शतकात. आईबाप दूर मिशनक्षेत्रांत, मुलं शाळेत, आणि आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी कागद, कात्री, गोंद घेऊन सगळी मिळून तारा करायची. भूमितीच्या अभ्यासातून ही घडण निघाली असं सांगतात आणि ते पटण्यासारखं आहे, कारण हा तारा सबंध भूमितीच आहे. त्याच शतकाच्या अखेरीस पीटर फेरबेक यांनी हेर्नहूटमध्ये विक्रीसाठी तारे करायला सुरुवात केली आणि १९२५ मध्ये आतल्या सांगाड्याशिवाय, नुसत्या टोकांनीच उभा राहणारा तारा आणला. आज घ्याल तो कागदी तारा त्याच तत्त्वाचा आहे.

आता वस्तूकडे येऊ. टोकं, म्हणजे पोकळ निमुळते कागदी सुळके, पंचवीस : सतरा चौकोनी बुडाची, आठ त्रिकोणी बुडाची. मधला काल्पनिक गोळा सव्वीस बाजूंचा असतो, अठरा चौकोन आणि आठ त्रिकोण. त्यातला सर्वांत वरचा चौकोन मोकळा ठेवतात. तिथून दिवा आत जातो आणि तारा टांगला जातो. त्यामुळे जोडून झाल्यावर वर भोक दिसलं की एक टोक हरवलं म्हणून शोधाशोध करू नका. पाकीट उघडल्याबरोबर मात्र सतरा आणि आठ मोजून वेगळे ढीग लावा. हे काम शाब्बाथ शाळेच्या मुलांना द्या; ती मोठ्यांपेक्षा काळजीपूर्वक मोजतात.

जोडणी खालून सुरू करावी. एक चौकोनी टोक टेबलावर उलटं, म्हणजे अणी खाली येईल असं एखाद्या पातेल्यात किंवा डब्याच्या तोंडात बसवा. त्याच्या चार बाजूंना चार चौकोनी टोकं लावा. त्या चारांमध्ये जे चार कोपरे उरतात, त्यांत चार त्रिकोणी. आता वाटीसारखा आकार दिसायला लागेल. त्याच्यावर पट्टा : आठ चौकोनी टोकं, एकाला लागून एक, पूर्ण फेरी. त्याच्यावर पुन्हा चार चौकोनी आणि चार त्रिकोणी, आलटून पालटून. एक, आठ, आठ, आठ अशी पंचवीस होतात. बुडाच्या पट्ट्या एकमेकींना टेकवायच्या, भोकं जुळवायची, दोन पायांची धातूची पीन घालायची, पाय पसरायचे. टोकाला टोक भिडेल अशा ४४ कडा आहेत. पहिल्यांदा करताना दोन तास धरून चाला.

इथे एक चूक अशी आहे जी जोडताना कळतच नाही. वरची फेरी एक घर सरकली, म्हणजे जिथे त्रिकोणी हवं तिथे चौकोनी आलं, तरी तारा पूर्ण बंद होतो. एकही टोक कमी पडत नाही, एकही उरत नाही. टांगल्यावर मात्र तो किंचित पिळल्यासारखा दिसतो आणि कुणालाच कारण सापडत नाही. म्हणून वरच्या फेरीचं पहिलं टोक लावण्याआधी उभी रांग नजरेने खाली पाहा : खाली चौकोनी, पट्ट्यात चौकोनी, तर वरही चौकोनीच. शेजारच्या रांगेत खाली त्रिकोणी, मध्ये चौकोनी, वर त्रिकोणी. पहिलं टोक बरोबर बसलं की उरलेली सात आपोआप बरोबर बसतात.

दुसरी अडचण पिनांची. उत्साही तरुण सुरुवातीपासून प्रत्येक पीन घट्ट आवळत जातात आणि शेवटची दोन-तीन टोकं बसेनाशी होतात. मग ओढाताण, मग भोक फाटतं. पट्टा पूर्ण होईपर्यंत पिनांचे पाय अर्धेच पसरावेत, आकार जुळला की एकेक करून दाबावेत. शेवटच्या फेरीला हात वरच्या तोंडातून आत घालावा लागतो. मोठ्यांचा हात तिथे अडतो, दहा-बारा वर्षांच्या मुलाचा सहज जातो. फाटलेल्या भोकाला आतून जाड कागदाची चकती गोंदाने चिकटवून नवं भोक पाडा. सेलोटेप नको. उजेडात ती काळपट डागासारखी दिसते आणि पुढच्या वर्षीपर्यंत पिवळी पडते.

काही ठिकाणी दर रविवारी एकेक थर वाढवत चौथ्या रविवारी तारा पूर्ण करायचा, असा बेत सुचवला जातो. आगमनाच्या मेणबत्त्या दर रविवारी एकेक वाढवत लावतात तसा क्रम, ऐकायला सुंदर. कागदी ताऱ्याला तो चालत नाही. सांगाडा नसल्यामुळे सगळ्या बाजू एकमेकींना धरतात तेव्हाच त्याला ताठपणा येतो. आठाचा पट्टा नुसता ठेवला तर आठवड्याभरात लोळतो आणि पट्ट्या मुडपतात. तारा पहिल्याच रविवारी पूर्ण लावा आणि क्रम मेणबत्त्यांकडे सोपवा. लावताना बायबलमधलं गणना २४:१७ आणि मत्तयाचा दुसरा अध्याय वाचला की वेगळं स्पष्टीकरण द्यावं लागत नाही.

मापाबद्दल. कागदी तारे ४० पासून ८० सेंटिमीटरपर्यंत मिळतात. चाळीसचा घरच्या दिवाणखान्यासाठी. उपासनामंदिरात तो हरवतो. ऐंशीचा उंच छताच्या जुन्या मिशन इमारतींना शोभतो, पण दहा फुटी स्लॅबखाली डोक्यावर येतो. साठचा मधला आणि बहुतेक ठिकाणी योग्य. रंगात पांढरा, पिवळा, लाल आणि त्यांच्या जोड्या. लाल कागदातून उजेड कमी येतो, त्यामुळे ट्यूबलाइट चालू असताना तो विझलेलाच वाटतो. पिवळा सर्वांत उबदार दिसतो. भिंती पांढऱ्या असतील तर तोच घ्यावा.

दिव्याचा संच ताऱ्याबरोबर येतो की वेगळा घ्यावा लागतो, हे मागवण्याआधी पाहा. जर्मनीतला वीजदाब आपल्यासारखाच, २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ, त्यामुळे दिवा जळण्याची भीती नाही. मात्र तिकडच्या प्लगच्या पिना आपल्या सॉकेटमध्ये सैल बसतात आणि सैल प्लग म्हणजे ठिणगी. इलेक्ट्रिशियनकडून प्लग बदलून घ्या किंवा होल्डर आणि वायर इथलीच वापरा. बल्ब ४-५ वॉटचा एलईडी, वॉर्म व्हाइट, २७०० केल्विनचा. जुना तापणारा पिवळा बल्ब कागदाच्या आत कधीही लावू नये. पांढराशुभ्र ६५०० केल्विनचा बल्ब लावला तर तारा निळसर, दवाखान्यातल्यासारखा दिसतो. बल्ब गोळ्याच्या बरोबर मध्यावर यायला हवा. वर राहिला तर खालची टोकं अंधारी राहतात आणि सगळ्यांच्या नजरेला नेमकी तीच पडतात.

टांगताना भार वायरवर देऊ नका. वेगळी नायलॉनची दोरी घ्या, तुळईवरून किंवा कप्पीतून फिरवून भिंतीवरच्या खुंटीला बांधा, म्हणजे बल्ब बदलायला शिडी लागत नाही. खालची अणी जमिनीपासून निदान साडेसात फूट वर. पंख्यापासून चार-पाच फूट अंतर हवंच. डिसेंबरातही दुपारच्या उपासनेला कुणीतरी पंखा लावतंच, तारा गरगर फिरतो आणि दोरीचा पीळ वरच्या पट्ट्या तोडतो. पोर्चमध्ये किंवा गॅलरीत कागदी तारा लावायचा मोह टाळा. घाटावर पहाटे पडणाऱ्या दवाने तो चार दिवसांत मऊ पडतो. बाहेरसाठी प्लॅस्टिकचे तारे ४०, ६८ आणि १३० सेंटिमीटरचे असतात. पोर्चला चाळीसचा पुरतो.

किंमत हा खरा अडसर आहे. युरोतली किंमत, टपाल आणि सीमाशुल्क मिळून लहान मंडळीच्या फंडाला ते जड जातं. यावर चांगला मार्ग म्हणजे पंचवीस वाटे करणं, एका कुटुंबाकडे एक टोक. ज्याचं टोक त्याने जोडायला यायचं. नाव लिहायचं असेल तर बुडाच्या पट्टीवर पेन्सिलीने, टोकावर अजिबात नाही, कारण दिवा लागला की आतलं अक्षर बाहेर सावलीसारखं उमटतं.

तेही शक्य नसेल तर घरी करता येतो आणि तो कमीपणाचा मुळीच नाही. मूळ तारा मुलांनीच केला होता. दिवाळीचे आकाशकंदील घरी करणाऱ्या हातांना हे काम अवघड नाही. साठ सेंटिमीटरसाठी माप असं : एक उभा समद्विभुज त्रिकोण, पाया ८ सेंटिमीटर, उंची २०.५ सेंटिमीटर. पुठ्ठ्यावर त्याचा साचा कापा. चौकोनी टोकासाठी हा साचा एकाच अणीभोवती चार वेळा शेजारी शेजारी आखा, त्रिकोणीसाठी तीन वेळा. एका बाजूला १ सेंटिमीटरची चिकटपट्टी आणि प्रत्येक पायाखाली दीड सेंटिमीटरची जोडपट्टी ठेवा. चार त्रिकोणांचा पंखा जवळजवळ काटकोनात बसतो, त्यामुळे एका ए-३ कागदात एक टोक आरामात निघतं. पंचवीस कागद आणि चुकीसाठी तीन-चार जादा. कागद १६० ते १८० जीएसएमचा. त्याहून पातळ घेतला तर टोकं वाकतात, जाड घेतला तर उजेड अडतो. घडी घालण्याआधी रिकाम्या बॉलपेनने रेघ दाबून घ्या, नाहीतर अणी बोथट येते. इथेच घरचा तारा कारखान्याच्या ताऱ्यापुढे कमी पडतो. फेव्हिकॉल पातळ लावा. जास्त झाला की कागद सुरकुततो आणि ती सुरकुती दिव्यात दिसते. जोडपट्ट्या स्टेपल केल्या तरी चालतं, फक्त शेवटच्या चार टोकांना स्टेपलर आत जात नाही. तिथे दोन बाजूंनी चिकटणारी टेप वापरा.

तारा ६ जानेवारीपर्यंत ठेवावा. पंचवीस डिसेंबरच्या संध्याकाळी उतरवू नये. ताऱ्यामागून बाळ येशूकडे आलेल्या मागी (ज्ञानी) लोकांच्या आठवणीचा दिवस यायचा असतो. उतरवल्यावर कोरड्या ब्रशने धूळ झाडा, पिना काढा आणि टोकं एकात एक घालून दोन चळती करा, चौकोनी वेगळी, त्रिकोणी वेगळी. आपल्याकडे खरा शत्रू पावसाळा. झाकणाच्या प्लॅस्टिक डब्यात सिलिका जेलच्या पुड्या आणि कापडात बांधलेल्या डांबरगोळ्या ठेवा. गोंदाच्या वासाने झुरळं आणि कसर दोन्ही येतात. डबा वेदीमागच्या कपाटात तळाशी न ठेवता वरच्या फळीवर ठेवा, कारण ओल जमिनीकडून चढते. ऑगस्टअखेर एकदा उघडून ऊन दाखवा. पिना वेगळ्या डबीत, आणि दहा-बारा जादा. स्टेशनरीच्या मोठ्या दुकानात पेपर फास्टनर म्हणून मिळतात. नवा मागवायचा असेल तर सप्टेंबर उलटू देऊ नका. पहिला रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबरच्या दरम्यान येतो आणि पार्सल कस्टममध्ये किती दिवस थांबेल ते आपल्या हातात नसतं.