‘घरी विचारून सांगतो’ म्हणायची सोय त्यांनी ठेवली नाही

गेल्या वर्षी मार्चमध्ये सहलींच्या सदस्यत्वाच्या नावाखाली आम्ही पती-पत्नींनी ९५,००० रुपये गमावले, आणि आमच्यामुळे आमच्या एका मित्राच्या घरातूनही जवळपास तेवढीच रक्कम गेली. नाशिकमध्ये हा प्रकार अजूनही चालू असल्याचे ओळखीच्या दोघा-तिघांकडून कळले, म्हणून घडले ते क्रमाने लिहीत आहे.

आमच्या घरी दोघांच्या सुट्ट्या जुळत नाहीत. पतींचा कारखाना सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत असून त्यांना शनिवारी सुट्टी असते, आणि मी कॉलेज रोडवरील एका करसल्लागारांकडे हिशेबाचे काम करते, त्यामुळे मला रविवारी. एकत्र फिरणे म्हणजे संध्याकाळी सोमेश्वरपर्यंत जाऊन येणे, त्यांची दुसरी पाळी असेल त्या रविवारी सकाळी मिसळ खाऊन घेणे, आणि वर्षातून एकदा दोन मित्रांच्या कुटुंबांबरोबर चार दिवस बाहेरगावी जाणे, एवढेच. तीन घरांच्या रजा आणि मुलांच्या परीक्षा सांभाळून ही सहल ठरवता ठरवता दर वेळी कोणी ना कोणी रुसते. हा घरगुती तपशील सांगण्याचे कारण असे, की समोर बसलेल्या माणसाने तो पहिल्या पंधरा मिनिटांत गोड बोलून आमच्याकडून काढून घेतला आणि पुढचे दोन तास आमच्यावरच वापरला.

सुरुवात एका प्रदर्शनात भरलेल्या सोडतीच्या चिठ्ठीने झाली. आठवड्याभरात फोन आला, की आपली भेटवस्तू निघाली असून ती घेण्यासाठी शनिवारी संध्याकाळी मुंबई नाक्याजवळील एका हॉटेलात यावे, मात्र नवरा-बायको दोघांनीही येणे आवश्यक आहे. आमचे वय, दोघांची नोकरी आणि क्रेडिट कार्ड आहे की नाही, हेही त्याच फोनवर विचारण्यात आले. भेटवस्तू देण्यासाठी क्रेडिट कार्डाची चौकशी कशाला, हा प्रश्न तेव्हा दोघांपैकी एकालाही पडला नाही.

सभागृहात वीस-पंचवीस टेबले होती आणि प्रत्येक टेबलाशी एक जोडपे व एक विक्रेता. संगीत इतक्या मोठ्या आवाजात चालू होते, की शेजारी बसलेल्या पतींशी बोलायलाही मला त्यांच्या कानाशी वाकावे लागत होते. मधूनच एखाद्या टेबलावर फुगा फोडला जाई, कोणा जोडप्याचे नाव पुकारून अभिनंदन होई आणि सारे विक्रेते उभे राहून टाळ्या वाजवीत. त्यातली काही जोडपी त्यांचीच माणसे असावीत, असा माझा आजचा संशय आहे, पुरावा नाही.

आमच्या टेबलावरचा मुलगा पंचविशीचा, मापापेक्षा मोठा कोट घातलेला आणि बोलायला अत्यंत नम्र होता. त्याने लॅपटॉपवर कोकणातील समुद्रकिनारे आणि केरळमधील नौकागृहे दाखवली, मित्रांसह गेल्यास तीन खोल्या एकत्र मिळतील असे सांगितले, आणि दहा वर्षांचे १,६०,००० रुपयांचे सदस्यत्व ‘केवळ आजच्या दिवसापुरते’ ९५,००० रुपयांवर आणून ठेवले. आपल्याकडे नको असलेला विषय टाळण्याची एक सभ्य रीत आहे. पुरुष म्हणतो, ‘घरी विचारून सांगतो’ आणि बाई म्हणते, ‘यांना विचारते’. दोघांनाही समोरासमोर बसवून त्यांनी नेमकी तीच रीत निकामी केली होती. “आम्हाला पाच मिनिटे बाहेर जाऊन बोलू द्या,” असे पती म्हणाले, तेव्हा तो हसून म्हणाला, “माझ्यासमोरच बोला ना सर, मला घरचाच समजा.” नंतर त्याचा वरिष्ठ आला आणि माझ्याकडे वळून म्हणाला, “मॅडम, साहेबांनी इतकी वर्षे शनिवार-रविवार जुळवता न आल्याचे दुःख तुम्हाला दिले, आज तरी त्यांना हो म्हणू द्या.” यावर पतींनी माझ्याकडे पाहिले आणि मी त्यांच्याकडे. नाही म्हटले असते तर ते विक्रेत्याला नव्हे, एकमेकांना म्हटल्यासारखे झाले असते.

४५,००० रुपये कार्डावरून तिथेच कापले गेले आणि उरलेल्या रकमेचे हप्ते बांधून देण्यात आले. करारनामा समोर आला तो पैसे भरल्यानंतर, सह्यांच्या जागी पेन्सिलीने फुल्या करून. दिवसभर इतरांची कागदपत्रे ओळ न् ओळ वाचणारी मी, स्वतःच्या नऊ पानांवर सहा ठिकाणी न वाचता सही करून मोकळी झाले. घरी येऊन रात्री अकरा वाजता वाचले तेव्हा कळले, की दुसऱ्या वर्षापासून ७,५०० रुपये देखभाल शुल्क आहे, भरलेली रक्कम कोणत्याही कारणाने परत मिळणार नाही, आणि दिवाळी, नाताळ, मे महिना व लागून येणाऱ्या सुट्ट्या यांत आरक्षण मिळणार नाही. मुले शाळेत असलेल्या माणसांनी मग जायचे तरी कधी? भेटवस्तू म्हणून मिळालेल्या दोन रात्रींच्या कुपनासाठीही माणशी वेगळे शुल्क होते.

सोमवारी आम्ही रद्द करण्याचे पत्र ई-मेलने पाठवले. उत्तर म्हणून करारातील कलम आले. बँकेने सांगितले, की व्यवहार तुम्ही स्वतः पिन टाकून केला असल्यामुळे तो फसव्या व्यवहारात धरता येत नाही. तरीही हे लगोलग पाठवलेले पत्र पुढे उपयोगी पडले, कारण आमची नाराजी पहिल्या दोन दिवसांतच लेखी नोंदली गेली होती. मग डिसेंबरात कोकणातल्या तीन खोल्या मागितल्या, तेव्हा जागा नाही असे उत्तर आले; त्याऐवजी भर जुलैतला सापुतारा घ्या, असा पर्याय होता.

मला सर्वांत जास्त लागली ती वेगळीच गोष्ट. सही झाल्यावर त्या मुलाने एक छापील कागद पुढे करून, दहा परिचित जोडप्यांची नावे व दूरध्वनी क्रमांक दिल्यास एक रात्र जादा मिळेल, असे सांगितले होते. मी माझ्या फोनमध्ये पाहून सात नावे लिहिली. त्यांतल्या सहा जणांनी फोन आल्यावर नकार दिला. सातवी माझी मैत्रीण. तिचे पती आणि माझे पती एकाच खात्यात काम करतात. तिला फोनवर माझे नाव सांगण्यात आले, आणि आम्ही तिला सावध करण्याआधीच ती दोघे त्याच सभागृहात जाऊन आली. आम्ही तिला दोन दिवसांत का सांगितले नाही, याचे खरे उत्तर लाज हे आहे. आपण फसलो हे कबूल करण्यासाठी आम्हाला आठ दिवस लागले आणि तेवढ्यात त्यांचा शनिवार येऊन गेला. “तुझे नाव घेतले म्हणून गेलो गं,” एवढेच ती म्हणाली.

यंदा फेब्रुवारीत त्यांचे कार्यालय बंद झाले. त्यानंतर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक मदत क्रमांकावर तक्रार नोंदवली आणि दोन्ही कुटुंबांनी जिल्हा ग्राहक आयोगाकडे स्वतंत्र तक्रारी दाखल केल्या. कंपनी कुठलीही असो, ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारासाठी शुल्क नाही आणि वकील देणे सक्तीचे नाही. मुदत मात्र दोन वर्षांची आहे, त्यामुळे ‘पुढच्या हंगामात नक्की देऊ’ अशा आश्वासनांवर वर्ष घालवू नये. आम्ही करारनामा, कार्डाचे विवरण, आरक्षण नाकारल्याचे प्रत्येक ई-मेल आणि भेटवस्तूच्या फोनची तारीख जोडली आहे. तोंडी दिलेल्या तीन खोल्यांच्या आश्वासनाला मात्र कागद नाही. ते त्या मुलाकडून करारावर हाताने लिहून घेतले असते, तर आज ती ओळ सगळ्यात कामाची ठरली असती.

कंपनीला पाठवलेली पहिली नोटीस ‘पत्ता सोडून गेले’ असा शेरा घेऊन परत आली. आता करारातील दुसऱ्या पत्त्यावर नव्याने पाठवली आहे. तारखेला आम्ही दोघी मैत्रिणी अर्ध्या दिवसाची रजा टाकून जातो. रिक्षात ती मुलांच्या शाळेविषयी बोलते, भाजीच्या भावाविषयी बोलते. सहलीचा विषय तिनेही काढलेला नाही आणि मीही.