लिब्रेऑफिस रायटर: सगळं चांगलं, फक्त सेव्ह अडलं की बोलत नाही

फुकटच्या मानाने नव्हे, एरवीही रायटर हा लेखनाचा प्रोग्राम उत्तम आहे. आम्ही गुण कापतो ते एकाच गोष्टीसाठी. फाइल सेव्ह झाली नाही की ‘जनरल इनपुट/आउटपुट एरर’ किंवा तसलंच काहीतरी मोघम सांगून मोकळा होतो. पेनड्राइव्ह निघालाय, फोल्डरला परवानगी नाही की नाव लांब झालंय, हे ज्याचं त्याने शोधायचं.

असा संदेश आला की विंडो बंद करू नका, मजकूर अजून मेमरीत शाबूत असतो. कंट्रोल-शिफ्ट-एस दाबून दुसऱ्या ड्राइव्हवर दोन-तीन अक्षरांच्या इंग्रजी नावाने सेव्ह करा. झालं, तर दोष जुन्या जागेत किंवा नावात आहे. नाहीच झालं, तर सगळा मजकूर कॉपी करून नव्या कोऱ्या फाइलीत पेस्ट करा.

विंडोजवर फक्त ‘डॉक्युमेंट्स’मध्येच अडत असेल तर विंडोज सिक्युरिटीत रॅन्समवेअर प्रोटेक्शन उघडा. तिथलं ‘कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस’ (अनोळखी प्रोग्रामना ठरावीक फोल्डरांत लिहू न देणारी सोय) चालू असेल तर ते बंद करायची गरज नाही. परवानगीच्या यादीत लिब्रेऑफिसच्या ‘प्रोग्राम’ फोल्डरमधली ‘सॉफिस डॉट बिन’ जोडा. लोक ‘सॉफिस डॉट एक्सई’ जोडतात आणि वैतागतात. ती फक्त सुरुवात करून देते, फाइल लिहिते ती ‘बिन’.

मराठी नावांचा घोळ वेगळाच. लिनक्सच्या नेहमीच्या ईएक्सटी४ डिस्कवर फाइलीच्या नावाला 255 बाइटची मर्यादा असते आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह 3 बाइट खातं. काना, मात्रा, हलन्त सगळे वेगळे मोजले जातात. ‘महाराष्ट्र’ म्हणजे 10 चिन्हं, 30 बाइट. त्यात दस्तऐवज कुणीतरी उघडलाय हे नोंदवायला रायटर शेजारी जी लपलेली लॉक फाइल बनवतो, तिच्या नावात आणखी 8 बाइट वाढतात. म्हणजे ठरावाचा अख्खा विषय फाइलीच्या नावात कोंबायची सवय इथे नडते. 80 चिन्हांच्या आत थांबा. विंडोजवर फोल्डरांसकट सगळा पत्ता साधारण 260 चिन्हांत बसवावा लागतो.

वीज गेल्यावर तीच लॉक फाइल मागे राहते आणि दस्तऐवज ‘रीड ओन्ली’ उघडतो. दुसऱ्या कुणी तो उघडलेला नाही ना, एवढं बघून ती खुशाल डिलीट करा.

टूल्स, ऑप्शन्स, लोड/सेव्ह, जनरल इथे ऑटोरिकव्हरी 10 मिनिटांवरून 3 वर आणा आणि ‘ऑल्वेज क्रिएट बॅकअप कॉपी’वर टिक आहे ना ते पाहा. दोन्ही एक नव्हेत. ऑटोरिकव्हरी क्रॅशपुरती; बॅकअप म्हणजे आधीच्या सेव्हची प्रत.

आणि काम ओडीटीतच, म्हणजे रायटरच्या स्वतःच्या फाइल-प्रकारातच करा, डॉकएक्सची (वर्डच्या प्रकारातली) प्रत शेवटी द्यायला काढा. ओडीटी मुळात झिप, म्हणजे अनेक फाइलींचं एक गाठोडं असते. रायटरला ती उघडता आली नाही तर प्रत करून तिच्या नावाच्या शेवटचं ‘डॉट ओडीटी’ बदलून ‘डॉट झिप’ करा आणि ती उघडा. ‘कंटेंट डॉट एक्सएमएल’ निघाली तर मजकूर त्यात असतो, चित्रं ‘पिक्चर्स’ फोल्डरमध्ये.