एस्प्रेसो मशीन तापेना: बॉयलरचं दुरुस्त करावं, थर्मोब्लॉकचं बदलावं?

पंप चालतो, पाणीही येतं, पण गार. घरातल्या एस्प्रेसो मशीनचं असं झालं की दोन सल्ले हमखास मिळतात: सर्व्हिस सेंटरला द्या, नाहीतर नवीन घ्या. दोन्ही सल्ले मशीन न उघडताच दिलेले असतात. माझ्या मते निर्णय आधी एका प्रश्नावर अडतो: तुमचं मशीन पाणी कशात तापवतं? गॅजिया क्लासिक (१९९१ पासून) आणि रॅन्सिलिओ सिल्व्हिया (१९९७ पासून) ही छोट्या बॉयलरची मशीनं. डेलाँगीचं डेडिका थर्मोब्लॉकचं, म्हणजे तापत्या धातूच्या ठोकळ्याचं. बिघाड एकच दिसला तरी दोघांची दुरुस्ती अगदी वेगळी आहे.

वॉरंटी शिल्लक असेल तर स्क्रू ड्रायव्हर हातात घेऊ नका. नसेल तर आधी भिंतीकडे बघा. अशी मशीनं साधारण हजार ते दीड हजार वॉटची असतात, त्यामुळे त्यांना १६ अँपिअरचं सॉकेट हवं. साध्या एक्स्टेंशन बोर्डावर लावलेल्या मशीनची पिन काळी पडलेली दिसते आणि दोष मात्र मशीनला लागतो. व्होल्टेजही तपासा. २३० ऐवजी १९० व्होल्ट मिळत असतील तर पाणी तापवणाऱ्या कॉइलची ताकद जवळपास दोन तृतीयांशच उरते. १३०० वॉटचं मशीन ९०० वॉटच्याही खाली येतं. संध्याकाळी लोड वाढल्यावरच मशीन संथ तापत असेल, तर त्यात बिघाड नसण्याची शक्यता मोठी.

बॉयलरचं मशीन

याची रचना गीझरच्या जवळची आहे. कॉइल, थर्मोस्टॅट, थर्मल फ्यूज (जादा तापल्यावर उडणारा) आणि त्यांना जोडणाऱ्या वायरी, एवढंच. गॅजियात कॉफीचा थर्मोस्टॅट सुमारे १०७ अंशांना आणि वाफेचा सुमारे १४५ अंशांना वीज तोडतो. सिल्व्हियात हेच आकडे साधारण १०० आणि १४० आहेत. ही तापमानं बॉयलरच्या धातूची असतात. कपात येणारं पाणी त्याहून कमी गरम असतं.

मला या मशीनची सर्वात आवडणारी गोष्ट म्हणजे निम्मं निदान झाकण न उघडता होतं. वाफेचं बटण दाबा. कॉफीच्या बटणावर गार राहणारं मशीन वाफेवर तापू लागलं, तर कॉइल ठीक, थर्मल फ्यूज ठीक, वाफेचा थर्मोस्टॅटही ठीक. दोष कॉफीच्या थर्मोस्टॅटमध्ये किंवा त्याच्या वायरीत आहे, कारण वाफेचं बटण नेमकं त्याच थर्मोस्टॅटला वळसा घालतं. दोन्ही बटणांवर गार असेल तर प्लग काढून, मशीन पूर्ण थंड झाल्यावर मल्टिमीटर घ्या. थंड थर्मोस्टॅट आणि फ्यूज यांच्यातून सलगता (कंटिन्युइटी) दिसायला हवी. कॉइलच्या दोन्ही वायरी सोडवून रोध मोजा: १३०० वॉटच्या कॉइलला सुमारे ४१ ओहम (२३० गुणिले २३०, भागिले १३००). गॅजियाच्या बॉयलरमध्ये दोन कॉइल समांतर जोडलेल्या असतात, म्हणून एकच जळाली तर मशीन तापतं, पण फार वेळ घेतं, आणि मल्टिमीटरवर रोध अपेक्षेच्या दुप्पट दिसतो. या मशीनवर "बंद नाही, फक्त संथ झालंय" अशी तक्रार आली की मी आधी हेच मोजायला सांगेन.

थर्मोस्टॅट गेला असेल तर दुरुस्ती स्वस्त आहे: बॉयलरवर बसवायचा, तळाला थर्मल पेस्ट लावायची. कॉइल गेली असेल तर जरा विचार करा. ॲल्युमिनियम बॉयलरच्या गॅजियात ती बॉयलरमध्येच ओतलेली असते, त्यामुळे बॉयलरचा तो भाग अख्खा बदलावा लागतो. सिल्व्हियाच्या जुन्या मॉडेलांत तीच गत. नंतरच्या मॉडेलांत कॉइल सुटी निघते.

थर्मोब्लॉकचं मशीन

इथे पाणी धातूच्या ठोकळ्यातल्या अरुंद नळीतून जाताजाता तापतं. म्हणून ते लवकर तयार होतं, आणि सकाळच्या घाईत हा गुण खरोखर मोलाचा आहे. पण तापमान सांभाळतो इलेक्ट्रॉनिक बोर्ड. एनटीसी सेन्सर (तापमानानुसार रोध बदलणारा) त्याला तापमान कळवतो आणि बोर्डावरचा ट्रायॅक (इलेक्ट्रॉनिक स्विच) किंवा रिले कॉइलला वीज देतो. सेन्सरची वायर तुटली तरी बोर्ड तापवणं थांबवू शकतो. त्यामुळे नुसती कॉइल मोजून भागत नाही.

तरी पहिला संशयित थर्मल फ्यूजच. तो एकदाच उडतो, पुन्हा जुळत नाही. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर असे फ्यूज किरकोळ किमतीत मिळतात, मात्र जुन्यावर छापलेलं तापमान आणि अँपिअर तंतोतंत जुळवा. जोड डाखणीने (सोल्डरिंगने) करू नका; डाखणीच्या उष्णतेनेच नवा फ्यूज उडू शकतो. जोड क्रिंप करून, म्हणजे धातूच्या नळीत दाबून, घ्या. आणि फ्यूज काढून थेट वायर जोडून देणाऱ्या माणसाकडे मशीन ठेवू नका, तो कितीही ओळखीचा असला तरी. पुढे थर्मोस्टॅट किंवा ट्रायॅक चिकटला, तर आग लागण्यापासून वाचवणारं दुसरं काहीच उरत नाही.

फ्यूज का उडाला, हे शोधल्याशिवाय मशीनचं झाकण पुन्हा लावू नका. टाकी रिकामी असताना चालवलं असेल किंवा नळीत क्षार साचले असतील, तर ते दुरुस्त होण्यासारखं आहे. नवा फ्यूजही लगेच उडाला तर ट्रायॅक कायमचा चालू अडकला असण्याचा दाट संशय घ्या. म्हणजे खर्च बोर्डाचा. बोर्ड आणि मजुरी मिळून नव्या मशीनच्या निम्म्यापुढे जात असेल, तर मी थर्मोब्लॉकवर पैसे घालणार नाही. बॉयलरच्या मशीनला हीच मर्यादा मी लावत नाही, कारण आज कॉइल बदललेलं ते मशीन पुढची कितीतरी वर्षं सुट्या भागांवर चालवता येतं.

क्षारांचा त्रास दोघांनाही होतो, पण अरुंद नळीमुळे थर्मोब्लॉक आधी हरतो. घरात बोअरवेल किंवा टँकरचं पाणी असेल तर हा मुद्दा बाकी सगळ्यांहून मोठा धरा. लिटरभर पाण्यात २० ग्रॅम सायट्रिक ॲसिड टाकून मशीनमधून फिरवावं, मग साध्या पाण्याच्या दोन टाक्या सोडाव्यात. फ्यूज उडण्याच्या आधीच्या अवस्थेत, म्हणजे मशीन उशिरा तापतंय आणि धार बारीक झालीय, तेव्हा एवढ्यानेही मशीन वाचू शकतं.

एक लक्षण मात्र दोन्ही जातींना सारखंच लागू आहे. मशीन लावताच घरातला ईएलसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) पडत असेल तर वीज अर्थकडे गळतेय, बहुधा कॉइलच्या आतलं आवरण फुटून ओल शिरली आहे. इथे घरच्या घरी काही करू नका. प्लग काढा आणि इन्सुलेशन टेस्टर असलेल्या मेकॅनिककडे न्या. बॉयलरचं मशीन असेल तर त्याच्याकडून कॉइलचा दर विचारा; थर्मोब्लॉकचं असेल तर अख्ख्या ब्लॉकचा विचारा, कारण तिथे कॉइल वेगळी निघत नाही.