लकव्यानंतरचं सामान: सोलापूरच्या सर्जिकल दुकानातून काय आणावं, काय तिथंच ठेवून यावं

दवाखान्यातून डिस्चार्ज मिळाला की पेशंटच्या घरचे आधी सर्जिकल दुकान गाठतात. काउंटरवर पहिल्यांदा पुढं येतात तीन वस्तू: दाबायचा मऊ बॉल, दाराला अडकवायची पुली आणि हाताची झोळी. तिन्ही स्वस्त, पिशवीत मावणाऱ्या. घर मात्र अडतं ते संडास, अंघोळ आणि अंथरुणापासून दारापर्यंतच्या दहा पावलांवर. त्याचं सामान दुकानात मागच्या बाजूला असतं आणि माप न घेता आणलं तर तेही वाया जातं.

कमोड खुर्ची. सगळ्यांत आधी पैसे खर्च करावेत ते हिच्यावर. चाकांची आणि बिनचाकांची अशी दोन प्रकारची मिळते. पेशंट धरून का होईना उभा राहत असेल तर बिनचाकांची, रबरी बुटांची घ्या. चाकांची खुर्ची ढकलत न्यायला सोपी पडते, पण हातावर जोर देऊन उठताना ती मागं सरकते. घ्यायचीच असेल तर चाकांचे ब्रेक लावून स्वतः बसून-उठून बघा.

बैठकीची उंची साधारण १८ इंच असते. बसल्यावर दोन्ही तळवे पूर्ण जमिनीला टेकले पाहिजेत. मांडीत जोर कमी असेल तर एक-दोन इंच वाढवलेली उंची सोयीची, टाचा उचलल्या जाणार नाहीत एवढीच. पायांतल्या भोकांवरून उंची बदलते. चारही पाय एकाच नंबरच्या भोकात आणि चारही बटणं टकदिशी बाहेर आलेली हवीत. एक जरी अर्धवट बसलं तर वजन पडल्यावर तो पाय आत जातो.

दुकानात कुणी सांगत नाही अशी एक गोष्ट म्हणजे पुढच्या दोन पायांमधला आडवा दांडा. उठताना पावलं गुडघ्यांच्या थोडी मागं घ्यावी लागतात, तरच पुढं झुकून उभं राहता येतं. दांडा खाली असेल तर पोटऱ्या त्याला अडतात, माणूस मागच्या मागं बसतो आणि घरचे म्हणतात, ‘जोरच लावत नाही.’ दांडा नसलेली किंवा तो मागं असलेली खुर्ची निवडा. भारतीय पद्धतीच्या संडासावर ठेवायची असेल तर खुर्चीचं भांडं काढून नुसती चौकट ठेवता येते, मात्र खुर्चीचे पाय पायठशांवर चढता कामा नयेत. घरी टेप लावून संडासाच्या भांड्याची बाहेरची रुंदी आधी घ्या. सोलापूरचं बोअरचं पाणी क्षारांचं, त्यामुळं क्रोम मुलामा दिलेलं लोखंड सांध्यांपाशी लवकर गंजतं. ॲल्युमिनियम किंवा स्टीलची महाग पडते, पण रोज पाणी लागणार असेल तर तीच परवडते.

चार पायांची काठी. वस्तू चांगली, पण घरोघरी चुकीच्या हातात दिसते. काठी नेहमी चांगल्या हातात धरायची. डावी बाजू गेली असेल तर उजव्या हातात. चप्पल-बूट घालून उभं करायचं, हात सैल सोडायचा आणि मनगटाच्या घडीपाशी काठीची मूठ येईल एवढी उंची ठेवायची. मग धरल्यावर कोपर २० ते ३० अंश वाकतं. काठी उंच झाली तर खांदा वर चढतो, बुटकी झाली तर माणूस त्या बाजूला कलतो. पायांचा फाकलेला भाग शरीरापासून बाहेरच्या बाजूला आणि सपाट बाजू पायाकडं हवी. उलटी धरली तर चालताना स्वतःचाच पाय तिच्यात अडकतो. बहुतेक काठ्यांची बैठक फिरवून हात बदलता येतो, ते दुकानातच करून घ्या.

चालण्याचा क्रम असा: काठी, मग कमजोर पाय, मग चांगला पाय. जिन्यात चढताना चांगला पाय आधी, उतरताना कमजोर पाय आधी. मोठ्या बैठकीची काठी वाड्यातल्या अरुंद पायरीवर मावत नाही. चारपैकी दोनच पाय टेकले तर ती साध्या काठीपेक्षाही धोक्याची. वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी लहान बैठकीची घ्यावी आणि जिन्याला कठडा बसवून घ्यावा, कठड्याचं काम गल्लीतला फॅब्रिकेशनवाला करतो. शहाबादी फरशी पाणी पडल्यावर निसरडी होते. रबरी टोप्यांच्या नक्ष्या झिजल्या की लगेच बदला.

पावलाचा स्प्लिंट, म्हणजे एएफओ. पाऊल लोंबतं, अंगठा फरशीला घासतो, म्हणून हा प्लॅस्टिकचा सांगाडा देतात. तयार मिळणारा स्मॉल-मीडियम-लार्ज मापात आणि डावा-उजवा वेगळा येतो. पाऊल सैल असेल तर तो चालतो. पाऊल आत वळत असेल, पोटरी ताठ असेल, तर तयार माल नकोच. ऑर्थोटिस्टकडून, म्हणजे मापानुसार स्प्लिंट बनवणाऱ्या तज्ज्ञाकडून, प्लॅस्टरचा साचा घेऊन बनवून घ्यावा. वरची कड गुडघ्याच्या बाहेरच्या हाडाच्या गाठीखाली दोन बोटं तरी हवी. तिथं त्वचेखालून नस जाते, ती दाबली तर आधीच लोंबणारं पाऊल आणखी लोंबतं.

घालताना खुर्चीत बसवा, गुडघा वाकवा, टाच पूर्ण मागं बसवा. आधी घोट्याचा पट्टा, मग पोटरीचा. टाच वर राहिली की पट्टे कितीही आवळा, घट्टे पडतात. सुरुवातीला अर्धा तास घालून काढा आणि घोट्याची हाडं, टाच आणि करंगळीच्या बाजूची कड बघा. पडलेला लालसरपणा वीस-तीस मिनिटांत गेला नाही तर स्प्लिंट चुकतोय. ज्या पायाला स्पर्श कळत नाही तिथं दुखण्याची वाट बघू नका. आत सुती मोजा हवाच. एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा चाळिशीपार जातो, मोजा घामानं भिजतो, तो दिवसातून दोनदा बदला.

आता खरी अडचण. आपण घरात चप्पल घालत नाही आणि नुसता स्प्लिंट घालून फरशीवर चालणं म्हणजे घसरायची सोय. घरात वापरायला मागून पट्टा असलेली सँडल वेगळी ठेवा, एक नंबर मोठी. देवघरापुरता अपवाद करायचा तर तिथं खुर्ची न्या.

बॉल, पुली, झोळी. बोटं आधीच मुठीत आवळली जात असतील तर बॉल दाबून तीच सवय पक्की होते. अशा हाताला उघडण्याचा व्यायाम लागतो. पुलीबद्दल आमचं मत आणखी स्पष्ट आहे: घेऊच नका. चांगला हात दोरी ओढतो, कमजोर हात वर खेचला जातो, पण खांद्याचं पातं सोबत फिरत नाही आणि सांध्यातला मऊ भाग चिमटतो. लकव्यानंतरच्या खांदेदुखीचं हे माहीत असलेलं कारण आहे आणि एकदा दुखायला लागला की पेशंट व्यायामच नाकारतो. झोळी उभं राहताना, चालताना ठीक. दिवसभर घातली तर हात पोटाशी वाकलेल्या अवस्थेत आखडतो. बसल्यावर झोळी काढून हात उशीवर किंवा टेबलावर ठेवा.

या तिघांची जागा घेणारी वस्तू सोलापुरात प्रत्येक घरात आहे: टेरी टॉवेल. टेबलावर टॉवेल पसरून त्यावर दोन्ही हात ठेवायचे आणि कमरेतून वाकत हळूहळू पुढं सरकवायचे. दुखेल तिथं थांबायचं. उताणं झोपताना तोच घडी करून कमजोर बाजूच्या पात्याखाली ठेवला की खांदा मागं पडत नाही. आणि सोलापुरी चादर आडवी दुमडून कमरेखाली अंथरली की दोघांना मिळून पेशंटला अंथरुणात वर सरकवता येतं. काखेत हात घालून किंवा कमजोर हात धरून ओढायचं नाही, खांदा निखळतो तो असाच.

एअर बेड, म्हणजे पंपानं हवा भरायची गादी. स्वतः कूस बदलता येत नसेल तर घ्या, नाहीतर नको. ती असली तरी दर दोन तासांनी कूस बदलावीच लागते. माकडहाडाखाली गादीच्या खालून हात घालून बघा, हाड हाताला लागलं तर हवा कमी आहे. लाइट गेली की पंप बंद पडतो आणि काही गाद्या हळूहळू बसतात, म्हणून खाली साधी गादी हवी.

बाथरूमच्या भिंतीला व्हॅक्यूमनं चिकटणारे हँडल पेशंटच्या भरवशाला देऊ नका, टाइल्सच्या सांध्यावर ते सुटतात. टॉवेलचा दांडा तर हँडल नव्हेच. स्टीलचा दांडा विटेत खोल ड्रिल करून बसवा, चांगल्या हाताच्या बाजूला.

खरेदीत एक सोय आहे. ६५ वर्षं पूर्ण झालेल्या आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आत असलेल्यांना मुख्यमंत्री वयोश्री योजनेत उपकरणांसाठी एकरकमी ३,००० रुपये खात्यात जमा होतात. कमोड खुर्ची आणि फोल्डिंग वॉकर तिच्या यादीत आहेत. त्यामुळं पक्कं बिल घ्या, त्यावर पेशंटचं नाव घाला आणि माप चुकलं तर बदलून मिळेल का हे पैसे देण्याआधी विचारा. वापरलेली कमोड खुर्ची कुठलाच दुकानदार परत घेत नाही.