आठ खोल्या, आठ भाडेकरू आणि सगळेच बोगस

"नवी कोरी बिल्डिंग, आठ वन आरके, सगळ्या भरलेल्या, महिना ४४,००० भाडं, पहिल्या महिन्यापासून चालू." एमआयडीसीच्या आसपासच्या गावांमध्ये फिरलात तर असा बोर्ड कुठे ना कुठे दिसेलच. मी त्यातलीच एक घेतली, ५८,००,००० रुपयांना. आठपैकी एकही भाडेकरू खरा नव्हता. विकणाऱ्याने माणसं आणून बसवली होती, आणि पाच महिने माझ्या खात्यात जे भाडं जमा झालं ते मी त्याला दिलेल्या पैशांतूनच येत होतं.

दामदुप्पट, साखळी, सोन्याची भिशी हे सगळं आपण वाचून असतो, त्यामुळे त्यात अडकायचं नाही एवढी अक्कल मलाही आहे. इथे गोष्ट वेगळी आहे. इथे बिल्डिंग खरी असते, सातबारा खरा असतो, खरेदीखत खरं असतं, दुय्यम निबंधकासमोर अंगठाही खराच उमटतो. खोटं फक्त भाडं असतं, आणि किंमत नेमकी त्याच भाड्यावर ठरलेली असते.

हिशेब बघा, म्हणजे कळेल. ४४,००० गुणिले बारा, म्हणजे वर्षाला ५,२८,०००. अठ्ठावन्न लाखांवर हे साधारण ९.१ टक्के पडतं. त्या गावात तशा खोलीला खरं भाडं ३,२०० आहे, मला दाखवलं ५,५००. खऱ्या भाड्याने वर्षाला येतात ३,०७,२००, आणि त्याच टक्क्याने बिल्डिंगची किंमत होते जेमतेम चौतीस लाख. म्हणजे खोलीमागे भाडं हजाराने फुगवलं की किंमत दहा लाखांनी फुगते. त्या माणसाने पाच महिन्यांत भाड्याच्या नावाखाली मला २,२०,००० दिले आणि त्या बदल्यात वरचे चोवीस लाख खिशात घातले. इतका चोख धंदा मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

आता हावरटपणा म्हणणाऱ्यांसाठी. आमचा जुना फ्लॅट होता, भाडं ११,०००. तो ४१ लाखांना विकला. म्हणजे वर्षाला सव्वातीन टक्केसुद्धा सुटत नव्हते, त्यातून सोसायटीचा मेंटेनन्स वेगळा. उरलेले १७ लाख एफडी मोडून घातले. नऊ टक्के म्हणजे काही महिन्याला पाच टक्के देणारी स्कीम नाही. दोघं निवृत्त, पेन्शन एकालाच, औषधांचा खर्च दर महिन्याचा. अशा माणसांनी उत्पन्नाचा विचार करायचा नाही तर कोणी करायचा? आणि मी डोळे मिटूनही घेतली नाही. स्वतःचा वकील केला, दलालाने सुचवलेला नाही. त्याने तीस वर्षांचा सर्च काढला, म्हणजे जमिनीच्या जुन्या नोंदी तपासल्या. रिपोर्ट आला: टायटल क्लिअर. तो खोटा नव्हता. जमीन खरंच स्वच्छ होती. पण सर्च रिपोर्ट जमिनीचा असतो, वर उभ्या असलेल्या बांधकामाचा नसतो, हे मला नंतर त्याच वकिलाने शांतपणे समजावून सांगितलं. आधी सांगितलं असतं तर फी कमी झाली असती का?

मला सगळ्यात जास्त जळतं ते खोल्या बघायला गेले त्या दिवसाचं. ह्यांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, जिना चढवत नव्हता, म्हणून वर मी एकटीच गेले. दलाल पुढे, "या ताई, या, बिनधास्त बघा." दुसऱ्या मजल्यावर एका खोलीत एक बाई होती, कडेवर मूल. तीन महिने राहतोय म्हणाली, मिस्टर कंपनीत आहेत म्हणाली. ओट्यावर नवा कुकर. स्टीलच्या सिंकवर कारखान्यातून येते ती निळी प्लास्टिकची फिल्म तशीच चिकटलेली, कोपऱ्यातसुद्धा सुटलेली नाही. मागच्या पांढऱ्या टाइल्सवर फोडणीचा एक थेंब नाही. तीन महिने! लेकुरवाळं घर! आणि मी काय म्हणावं? "किती टापटीप ठेवलंय गं." ती बाई हसली. दलालही हसला. मी पण हसले.

चाळीस वर्षं स्वयंपाक केलेल्या बाईला ते सिंक दिसत नाही असं होत नाही. दिसलं होतं. पण मनात ४४,००० घोळत असले की दिसलेलं आत पोचत नाही.

खाली जिन्याजवळ आठ मीटर ओळीने लावलेले. मी वाचले नाहीत. कोण वाचतं? पण तुम्ही वाचा. आठ चालू संसार असतील तर आकडे आठ प्रकारचे असणार, कोणाचा टीव्ही दिवसभर, कोणी रात्रपाळीला. महावितरणच्या बिलावर पुरवठा दिनांक असतो आणि मागच्या महिन्यांचा वापरही छापलेला असतो. मी ही बिलं पाहिली ती सगळं फिसकटल्यावर. एका खोलीचा महिन्याचा वापर ३ युनिट, दुसरीचा शून्य, तिसरीचा ५. तीन महिने राहतोय म्हणणाऱ्या बाईच्या मीटरला पुरवठाच मी जायच्या अठरा दिवस आधी सुरू झाला होता. दुपारी जाऊन नुसत्या चपला मोजा, दोरीवर कपडे आहेत का बघा, आणि दलालाला न सांगता रात्री नऊला परत जा. एखादा रात्रपाळीला असेल, पण कामगार वस्तीतल्या सगळ्याच खोल्या रात्री नऊला अंधारात असतील तर तिथे कोणी राहत नाही.

खात्यात भाडं यायचं तेही तसंच. दर महिन्याच्या पाच तारखेला सकाळी पंधरा-वीस मिनिटांत आठही यूपीआय जमा. वेगवेगळ्या नावांनी, पण एकामागून एक. मला वाटलं, काय शिस्तीची माणसं! ज्याने कधी खोल्या भाड्याने दिल्यात त्याला विचारा, आठ भाडेकरूंचं भाडं एका तारखेला येतं का ते. एकाचा पगार सातला, एकाचा ठेकेदार दहाला देतो, एक गावी गेलेला असतो.

सहावा महिना उजाडला आणि एकेक जण खोली सोडू लागला. प्रत्येकाला डिपॉझिट परत हवं, १५,००० प्रमाणे. विकणारा म्हणाला होता, डिपॉझिट किमतीत ॲडजस्ट केलंय. कागदावर काही नाही, तोंडी. मी भल्या बाईसारखे आठ जणांचे १,२०,००० स्वतःच्या खात्यातून दिले. बोगस भाडेकरूंना, त्यांनी कधीच न भरलेलं डिपॉझिट! त्यातला एक मुलगा पुढे फोनवर ओघात बोलून गेला की त्यांना महिन्याला हजार रुपये आणि खोलीची चावी मिळायची, "मॅडम बघायला येणार असतील तेव्हा" हजर राहायचं एवढंच काम. दोन दिवसांनी त्याचा नंबर बंद.

करार होते की नाही? होते. ५०० च्या स्टँपवर, नोटरीचे, आठही. आधारच्या झेरॉक्सही जोडलेल्या. मला ते पुरेसे वाटले, कारण घरोघरी असेच करार असतात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ चं कलम ५५ सांगतं की लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, आणि तो नोंदवायची जबाबदारी मालकाची. न नोंदवल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० पर्यंत दंड. नोंदणीकृत करार असेल तर त्याचा इंडेक्स टू, म्हणजे नोंदणीचा सरकारी उतारा निघतो. भाडेकरू दाखवतोय ना? मग आठ इंडेक्स टू दाखव म्हणायचं. नोटरीचा गठ्ठा पुढे केला की उठून चालू पडायचं.

आणि आता रेरा, म्हणजे बिल्डरांच्या प्रकल्पांची नोंदणी करायला लावणारा कायदा. मी विचारलं होतं, रेरा नंबर काय? दलाल म्हणाला, "याला रेरा लागत नाही ताई." मी घरी येऊन तपासलं, तो खरं बोलत होता! २०१६ च्या कायद्यात जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त नसेल किंवा सदनिका आठपेक्षा जास्त नसतील तर नोंदणीची सक्ती नाही. आमचा प्लॉट तीन गुंठे, म्हणजे ३०३ चौरस मीटर. खोल्या आठ. नऊ नाहीत, दहा नाहीत, मोजून आठ. रेरा लागत नाही हे वाक्य खरं असलं तरी त्याचा अर्थ "तुमच्या मागे कोणी उभं राहणार नाही" असा असतो.

बांधकामाचा घोळ तर पुढेच निघाला. माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज टाकून मंजूर नकाशा मिळवला. मंजुरी होती तळमजला अधिक एक, एका कुटुंबाच्या राहत्या घरासाठी. उभं काय आहे? तळमजला अधिक दोन, आठ खोल्या. भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे बांधकाम मंजुरीप्रमाणे झालंय आणि राहायला हरकत नाही असा दाखला, नाही. मला दाखवला होता तो ग्रामपंचायतीचा नमुना ८, घरपट्टीचा उतारा, आठ खोल्यांसकट. तो कर आकारणीचा कागद आहे, परवानगीचा नाही, मालकीचाही नाही. खरेदी सगळी रोखीने, म्हणजे स्वतःच्या पैशाने केली, कर्ज नको या वयात म्हणून. तीच गोष्ट नडली. कर्ज काढलं असतं तर बँकेच्या इंजिनिअरने नकाशा आणि बांधकाम ताडून पाहिलं असतं आणि फाइल तिथेच परत आली असती. गरज नसली तरी पाच लाखांचं का होईना, कर्जाचा अर्ज टाका. प्रोसेसिंग फी गेली तर गेली.

आता सरकारी दारं. पोलीस ठाण्यात साहेबांनी अर्ज वाचायच्या आधीच विचारलं, "पैसे दिले, बिल्डिंग मिळाली, रजिस्ट्री झाली. मग फसवणूक कुठे झाली मॅडम?" मी वीजबिलं पुढे ठेवली, यूपीआयच्या नोंदी ठेवल्या. "हे दिवाणी स्वरूपाचं आहे, कोर्टात जा." भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८ मग कशासाठी आहे? दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे हे सर्वोच्च न्यायालयाने ललिताकुमारी प्रकरणात २०१३ सालीच सांगितलंय. व्यापारी व्यवहारांत आधी प्राथमिक चौकशी करायची मुभा दिलीय, पण चौकशी करा असं म्हटलंय, हाकलून द्या असं नाही. हे मी बोलले तर साहेब म्हणाले, "तुम्ही बराच अभ्यास केलेला दिसतोय." तो अभ्यास खरेदीच्या आधी का नाही केला, असा त्याचा अर्थ.

आर्थिक गुन्हे शाखेने सांगितलं, एवढ्या रकमेचं आमच्याकडे येत नाही, ठाण्यातच जा. माझ्या आयुष्यभराची कमाई त्यांच्या टेबलावर ठेवायलाही लहान पडली. दुय्यम निबंधक कार्यालय म्हणालं, आम्ही दस्त नोंदवतो, बांधकाम अधिकृत आहे का ते बघणं आमचं काम नाही. ग्राहक आयोगाचं विचारलं तर वकील म्हणाला, रक्कम ५० लाखांच्या वर म्हणून राज्य आयोगात जावं लागेल, आणि समोरचा पहिलं वाक्य हेच म्हणेल की तुम्ही भाड्याने कमावण्यासाठी घेतली, म्हणजे व्यावसायिक हेतू, म्हणजे तुम्ही ग्राहकच नाही.

आणि ज्या एका कार्यालयाने तत्परता दाखवली ते नियोजन प्राधिकरण! माझ्याच माहिती अर्जामुळे फाइल हलली आणि महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाच्या कलम ५३ ची नोटीस आली. कोणाला? मला. अनधिकृत बांधकाम काढून टाका म्हणून. ज्याने बांधलं त्याला नाही, कारण मालक आता मी. ग्रामपंचायत मात्र त्याच आठ खोल्यांची घरपट्टी आजही घेते, पावती देते. खरेदीच्या वेळी मी नियमाप्रमाणे एक टक्का टीडीएस कापून ५८,००० रुपये वेळेवर भरले होते. ते घेताना कुठल्याच खात्याला हे दिवाणी आहे असं वाटलं नाही.

एकूण गेले किती? ५८,००,००० किंमत, स्टँप ड्युटी-नोंदणी-वकील मिळून ३,४६,०००, दलाली दोन टक्के १,१६,०००, डिपॉझिट १,२०,०००. बेरीज ६३,८२,०००. आज तीन खोल्या खरोखर भरलेल्या आहेत, ३,२०० प्रमाणे, महिन्याला ९,६००. तेही नोटिशीचा निकाल लागेपर्यंत.

पोलीस अधीक्षकांना लेखी तक्रार पाठवली, काही हललं नाही, म्हणून आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७५(३) खाली न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज केलाय. ठाण्यात गेलात तर अर्जाच्या प्रतीवर आवक शिक्का घेतल्याशिवाय बाहेर पडू नका. माझी पहिली प्रत बिनशिक्क्याची होती, ती गेल्यातच जमा. दलालाचे व्हॉईस मेसेज मी फोन भरला म्हणून उडवले होते, त्यातच "सगळे भाडेकरू पर्मनंट आहेत ताई" हे त्याच्या आवाजात होतं. तुम्ही उडवू नका. चॅट, यूपीआयच्या नोंदी, सगळं मूळ फोनमध्येच राहू द्या, कारण कोर्टात इलेक्ट्रॉनिक पुरावा द्यायचा तर साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडावं लागतं. आणि खरेदीखतात भाडेकरूंची नावं, भाडं, डिपॉझिटची रक्कम आणि ते खोटं निघाल्यास विकणारा भरपाई देईल असं कलम घालायला लावा. माझ्या खरेदीखतात एकोणीस पानं आहेत आणि भाडेकरू हा शब्द एकदाही नाही.