पुढची चाकं गप्पच होती

मी सेकंडहँड फोर बाय फोर घेतली, म्हणजे चारही चाकांना इंजिनची ताकद मिळते अशी गाडी. तिचं नाव लिहीत नाही, विकणाऱ्याचंही नाही. गाडीचं नाही कारण दोष कंपनीचा नव्हता. विकणाऱ्याचं नाही कारण प्रकरण ग्राहक आयोगात आहे आणि वकिलांनी तोंड आवरायला सांगितलंय. पण जे घडलं ते सांगायला त्यांचीही ना नाही.

आमची भातशेती भोर तालुक्यात, वरंध घाटाच्या अलीकडे. डांबरी सोडली की दीड किलोमीटर कच्चा रस्ता, आणि त्यातला शेवटचा तीनशे मीटर उभा चढ. उन्हाळ्यात कुठलीही गाडी वर जाते. एकदा पाऊस लागला की दिवाळीपर्यंत फक्त ट्रॅक्टर. नानांचे, म्हणजे वडिलांचे, दोन्ही गुडघे गेलेत आणि भातलावणीच्या वेळी बांधावर उभं राहिल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. म्हणून मला फोर बाय फोर हवी होती. मिरवायला नव्हे, तीनशे मीटरसाठी.

नवी परवडणारी नव्हती. तरी दोन वर्षं मी आणि माझे दाजी असा काही अभ्यास करत होतो, की जणू त्यातच करिअर करायचं आहे. थारचा ग्राउंड क्लिअरन्स २२६ मिलिमीटर, पाण्यातून जायची क्षमता ६५० मिलिमीटर, अप्रोच अँगल (पुढचा बंपर न टेकता चढता येईल तो कोन) ४१.८ अंश, हे आकडे मला पाढ्यासारखे पाठ होते. गुरखा ७०० मिलिमीटर पाण्यातून जाते आणि तिला पुढे-मागे दोन्हीकडे डिफरन्शियल लॉक, म्हणजे एक चाक घसरलं तरी जोडीच्या चाकाला ताकद मिळते, म्हणून दाजी गुरखावाले. मी जिम्नीच्या बाजूचा, कारण बाराशे किलोच्या आसपासची हलकी गाडी चिखलात रुतली तर चार माणसं तरी ढकलतील. जुन्या जिप्सीची आठवण काढून नाना दोघांनाही वेड्यात काढायचे. हॅरियर आणि नवी सफारी डिझेल, दिसायला रांगड्या, ग्लोबल एनकॅपच्या धडक-चाचणीत पाच तारे, पण ताकद जाते फक्त पुढच्या चाकांना; त्या यादीतून आधीच बाद. स्कॉर्पिओ-एनलाही पाच तारे आहेत आणि तिच्या डिझेलमध्ये फोर बाय फोर मिळते, पण तिची किंमत ऐकून दाजींनी चहाचा कप खाली ठेवला होता.

या सगळ्यात एक गोष्ट मी शिकलो होतो असं मला वाटायचं. मजबुती म्हणजे पत्र्याची जाडी नव्हे. बॉनेटवर अंगठा दाबून ‘पत्रा जाड आहे’ म्हणणारे आणि दार आपटून ‘धप्प’ आवाजावर खूश होणारे लोक मला हसू यावं असे वाटत. धडकेत माणूस वाचतो तो आतल्या सांगाड्यामुळे, कुठला भाग किती दुमडतो यामुळे. दाराच्या आवाजाचा निम्मा भाग रबर आणि कुलपाचा असतो. हे सगळं मी दाजींना ऐकवायचो. आणि प्रत्यक्ष गाडी समोर आली तेव्हा मी काय केलं? दार आपटून बघितलं. धप्प वाजलं. मला आवडलं.

ऑक्टोबर २०२४ मध्ये ती जाहिरात व्हॉट्सॲपवर आली. २०१९ चं मॉडेल, फोर बाय फोर, डॉक्टरांची गाडी, सिंगल हँड, एक ओरखडा नाही, ४८,००० किलोमीटर. पासिंग एमएच-०८. आपल्याकडे सेकंडहँड बाजारातल्या निम्म्या गाड्या डॉक्टरांच्या असतात. उरलेल्या बँक मॅनेजरच्या. हे कळत असूनही ‘डॉक्टर’ वाचल्यावर मन थोडं सैल होतंच.

पुण्याच्या बाहेरच, हायवेलगत त्याचं मैदान. तीस-चाळीस गाड्या, पताका, मोठा बोर्ड. माणूस अत्यंत गोड. चहा त्याने स्वतः आणून दिला. गाडी चकाचक, खाली वाकून पाहिलं तर काळंभोर कोटिंग. ‘कोकणातली गाडी आहे साहेब, खारी हवा, म्हणून डॉक्टरांनी दर वर्षी कोटिंग करून घेतलंय.’ मला त्या डॉक्टरांचा आदर वाटला.

चाचणीला निघालो. मी म्हणालो, फोर बाय फोर लावून बघू. त्याने माझ्या हातावर हळूच हात ठेवला. ‘डांबरावर नको साहेब. अशी गाडी डांबरावर फोर व्हीलमध्ये चालवली तर ट्रान्सफर केसवर ताण येतो. तुम्हाला माहितीच असेल.’

माहिती होतंच! तेच तर दुखणं आहे. साध्या, पार्टटाइम (गरजेपुरती लावायच्या) फोर बाय फोर गाडीत ट्रान्सफर केस, म्हणजे इंजिनची ताकद पुढे-मागे वाटणारी गिअरपेटी, पुढचा आणि मागचा ॲक्सल (चाकांचा आस) एकमेकांना जखडते. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. मातीत चाक घसरून तो फरक निघून जातो, कोरड्या डांबरावर निघत नाही, आणि सगळा पीळ गिअरांवर बसतो. तो माणूस शंभर टक्के खरं बोलत होता. खोटं बोलला असता तर मी पकडलं असतं, निदान मला तसं वाटतं. खरं बोलून त्याने मला गप्प केलं, वर ‘साहेबांना गाडीतलं कळतं’ अशी पावतीही दिली.

तरी मैदानाच्या कडेला सपाट मातीत त्याने लिव्हर ओढून दाखवला. डॅशबोर्डवर फोर बाय फोरचा दिवा लागला. मग लो, म्हणजे कमी वेगाचा, जास्त जोराचा गिअर. गाडी मुंगीच्या चालीने, ॲक्सिलरेटरला पाय न लावता चालली. दाजींनी मला कोपर मारलं. सौदा ८,६०,००० ला ठरला.

कागदांबद्दल थोडं. आरसीवर मालकाचा क्रमांक दोन होता. ‘डॉक्टरांनी मधे मुलाच्या नावावर केली,’ तो म्हणाला. करारावर विकणारा म्हणून त्या ‘मुलाचं’ नाव, मैदानवाल्याचं कुठेच नाही. तो फक्त मध्यस्थ. कराराच्या खाली बारीक अक्षरात ‘गाडी जशी आहे तशी पाहून, पसंत करून घेतली’ आणि त्याखाली माझी सही. त्याची एकच चूक झाली. टोकनचे ५०,००० त्याने स्वतःच्या फर्मच्या खात्यावर यूपीआयने घेतले. उरलेले पैसे ‘मुलाच्या’ खात्यावर. ती ५०,००० ची नोंद आज आमच्या तक्रारीचा कणा आहे.

हिवाळा आणि उन्हाळा झकास गेला. नाना दर रविवारी शेतावर. कोरड्या चढावर गाडी मागच्या दोन चाकांवरच आरामात जायची, त्यामुळे लिव्हरला हात लावायची वेळच आली नाही.

२०२५ चा पाऊस मे महिन्यातच कोसळला, आठवत असेल. पेरणीआधीची कामं अर्धी राहिली होती, म्हणून नानांना घेऊन निघालो. चढाच्या पायथ्याशी थांबून मी मोठ्या रुबाबात फोर लो लावला. दिवा लागला. निम्म्या चढावर गाडी बसली. मागची चाकं चिखल उडवतायत, गाडी तिरकी होऊन ओघळीकडे सरकतेय, नाना खिडकीवरचं हँडल धरून देवाचं नाव घेतायत. मी म्हणतोय टायर गुळगुळीत झाले असतील, मी म्हणतोय क्लच गेला असेल. वरच्या वावरातला ट्रॅक्टरवाला पोरगा खाली आला, गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, ‘दादा, गाडी फोर बाय फोर हाय म्हंता, पर फुडची चाकं गप्पच हायती की.’

त्याने टोचन लावून खाली आणलं. गावातल्या मिस्त्रींनी पोतं अंथरलं, गाडीखाली गेले आणि अर्ध्या मिनिटात बाहेर आले. पुढचा प्रोपेलर शाफ्टच नव्हता. ट्रान्सफर केसमधून पुढच्या ॲक्सलकडे ताकद नेणारा लोखंडी दांडा. तो काढून तोंड बंद केलेलं, वरून कोटिंग मारलेलं. लिव्हर चालत होता, दिवाही लागत होता, कारण दिव्याचं बटण ट्रान्सफर केसमध्ये असतं. पुढे दांडा आहे की नाही हे त्याला कळत नाही. आणि लो गिअरचा वेग कमी करणारा भागही ट्रान्सफर केसमध्येच, म्हणून मैदानावर गाडी मुंगीसारखी चालली. चालवत होती फक्त मागची दोन चाकं.

शाफ्ट का काढला, हे मिस्त्रींनी पुढच्या डिफरन्शियलचा, म्हणजे ॲक्सलमधल्या गिअरपेटीचा, नट सोडल्यावर कळलं. गिअर ऑइलऐवजी दुधाचा चहा बाहेर आला. पाणी शिरलं की तेल असं होतं. आतली बेअरिंगं गंजून गेलेली. शाफ्ट जागेवर असता आणि फोर बाय फोर लावली असती तर पहिल्याच दिवशी आवाज आला असता. दुरुस्तीपेक्षा शाफ्ट काढणं स्वस्त.

मग मिस्त्रींनी ड्रायव्हरचा सीटबेल्ट ओढला. म्हणजे आपण लावतो तेवढा नाही, पार शेवटपर्यंत. शेवटच्या हातभर पट्ट्यावर करड्या मातीची आडवी रेघ होती. सीटचं आवरण नवं, कार्पेट नवं, पण सीट सरकते त्या पट्टीचे बोल्ट गंजलेले. डॅशबोर्डच्या खालच्या वायरिंगची, बॉडीला जोडलेली टोकं हिरवी पडलेली. कार्पेट उचलल्यावर खाली वाळलेला गाळ, बोटांत घेतला तर टाल्कम पावडरीसारखा बारीक.

एमएच-०८ म्हणजे रत्नागिरी जिल्हा. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं, ते दृश्य आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलंय. चॅसिस नंबर घेऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरला गेलो. तिथल्या मुलीने चांगुलपणाने संगणकावर बघून सांगितलं: ऑगस्ट २०२१ मध्ये गाडी टोचन करून आणलेली, खर्चाचा अंदाज काढलेला, दुरुस्ती न करता परत नेलेली. त्यानंतर तिथे एकही सर्व्हिसिंग नाही.

पुढचं कोडं सुटायला वेळ लागला नाही. दुरुस्तीचा खर्च विम्यातल्या जाहीर किमतीच्या ७५ टक्क्यांवर गेला, की विमा कंपनी गाडी ‘टोटल लॉस’ धरते. मालकाला पैसे मिळतात, गाडी भंगार म्हणून बोलीत जाते. ती घेणारे सगळेच तिचे सुटे भाग विकत नाहीत. काही जण धुतात, रंगवतात, कार्पेट बदलतात. दुसऱ्या मालकाची नोंद २०२२ ची होती. तो डॉक्टरांचा मुलगा नव्हता. डॉक्टरही नव्हते.

मैदानवाल्याकडे गेलो. चहा या वेळीही आला. ‘साहेब, सेकंडहँड आहे. तुम्ही सही केलीत. आणि मी कोण? मी तर मधला माणूस.’

मला राग त्याचा कमी आणि माझा जास्त आला. दोन वर्षं मी सहा मॉडेलांची एकमेकांशी तुलना केली. समोरच्या एका गाडीची तिच्या जाहिरातीशी तुलना करायला अर्धा तास दिला नाही. एनकॅपचे तारे त्या मॉडेलच्या नव्या गाडीचे असतात. पुरात बुडालेल्या, चॅसिसला आतून गंज लागलेल्या गाडीचे ते नव्हेत. अप्रोच अँगल कितीही असो, पुढची चाकं फिरत नसतील तर तो अंश कशाला चाटायचा?

तुम्ही जुनी फोर बाय फोर घेणार असाल तर ती आधी वर्कशॉपच्या लिफ्टवर चढवा. चारही चाकं हवेत, फोर हायमध्ये (फोर बाय फोर, नेहमीच्या वेगात) गिअर टाका, पुढचं निदान एक चाक तरी फिरायला हवं. हजार-पाचशे रुपयांचं काम आहे. विकणारा ‘लिफ्टवर नको’ म्हणाला तर तिथूनच रिक्षा करा. लिफ्ट नसेल तर भुसभुशीत मातीत किंवा खडीवर फोर लावून स्टिअरिंग पूर्ण वळवा आणि चालीच्या वेगाने गोल फिरवा. पुढचा ॲक्सल जिवंत असेल तर स्टिअरिंग जड लागतं, गाडी अडखळल्यासारखी चालते. माझी लोण्यासारखी वळली असती. ताजं काळं कोटिंग दिसलं तर आदर वाटून घेऊ नका, खाली टॉर्च मारा. पहिल्या मालकाची शेवटची विमा पॉलिसी मागा. पाच वर्षं क्लेम नसेल तर त्यावर ५० टक्के नो क्लेम बोनस दिसतो. हा बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो, म्हणून दुसऱ्याची पॉलिसी बघून काही कळत नाही. आणि १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओकडून अधिकृतता प्रमाणपत्र घ्यावं लागतं, तेही विचारा. माझ्या माणसाच्या भिंतीवर साईबाबा होते, प्रमाणपत्र नव्हतं.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर आधी तक्रार नोंदवली. मैदानवाल्याने उत्तरच दिलं नाही. मग ई-जागृती या सरकारी पोर्टलवरून जिल्हा ग्राहक आयोगात. पाच ते दहा लाखांच्या व्यवहाराला २०० रुपये फी, आणि घटनेपासून दोन वर्षांच्या आत करावी लागते. ‘जशी आहे तशी’ या ओळीवर वकिलांचं म्हणणं असं, की नसलेला शाफ्ट ‘आहे’ म्हणून विकला, तर ती ओळ त्याला तारणार नाही. बघू. जाहिरातीचा स्क्रीनशॉट, ५०,००० ची नोंद, मिस्त्रींनी काढलेले फोटो आणि बाटलीत भरलेलं ते चहासारखं तेल, एवढं आमच्याकडे आहे. नानांनी ती बाटली देवघराशेजारच्या कोनाड्यात ठेवलीय, कुणी फेकू नये म्हणून.

पुढचा शाफ्ट अजून बसवलेला नाही. पुरावा आहे, हात लावू नका असं सांगितलंय. गाडी पायथ्याच्या फणसाखाली उभी करतो. नानांना तो ट्रॅक्टरवाला पोरगा वर नेतो, मडगार्डवर पोतं टाकून बसवून. मी मागून चालत जातो.