विंडोज ११ वर येऊन काही महिने झाले: वेग, फॉन्ट आणि एक हट्टी स्कॅनर

आधी निकाल सांगतो. घरचा डेस्कटॉप वेगवान झाला तो विंडोज ११ मुळे नाही, एसएसडीमुळे, म्हणजे फिरते भाग नसलेल्या वेगवान डिस्कमुळे. जुन्या हार्डडिस्कवरच ही सिस्टीम चढवली असती तर आज शिव्याच लिहिल्या असत्या. अपग्रेडचा विचार असेल आणि संगणकात अजून फिरती डिस्क असेल, तर आधी ती बदला. ४ जीबी रॅम हा कागदावरचा किमान आकडा आहे, ८ च्या खाली जाऊच नका.

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. नाव नोंदवलं तर १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेचे अपडेट मिळतात, पण ते म्हणजे दुखणं पुढे ढकलणं. ज्या मशीनवर बँकेचे व्यवहार होतात तिथे मला ते नको होतं.

संगणक विंडोज ११ ला चालेल का हे तपासणारं ॲप चालवलं तर उत्तर आलं, टीपीएम २.० (विंडोज ११ ला लागणारी सुरक्षेची सोय) नाही. इथेच बरेच जण नवा संगणक शोधायला लागतात. थांबा. पुष्कळ मदरबोर्डांवर टीपीएम असतं, फक्त बायोसमध्ये (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंग्जमध्ये) बंद असतं. इंटेलवाल्यांनी ‘पीटीटी’ शोधायचं, एएमडीवाल्यांनी ‘एफटीपीएम’. ते चालू केलं की तेच ॲप मुकाट्याने हिरवी खूण दाखवतं. प्रोसेसर मात्र इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचा असेल, तर एखाददुसरा अपवाद सोडला की अधिकृत रस्ता बंद.

मी जुन्यावर अपग्रेड न करता नव्या एसएसडीवर कोरं इन्स्टॉलेशन केलं. जुनी डिस्क होती तशी काढून ठेवली, बॅकअपचा बॅकअप. लायसन्सची चिंता नव्हती, कारण डिजिटल लायसन्स मदरबोर्डशी बांधलेलं असतं. आवृत्ती (होम किंवा प्रो) तीच ठेवली की इंटरनेट जोडताच ॲक्टिव्हेट होतं. (जागच्या जागी अपग्रेड करणाऱ्यांना मागे फिरायला १० दिवस मिळतात, तोवर ‘विंडोज डॉट ओल्ड’ फोल्डर पुसू नका.)

कोऱ्या इन्स्टॉलेशनची खरी किंमत नंतर कळते. जुन्या शिवाजी फॉन्टमधलं एक पत्र उघडलं, तर मराठीच्या जागी रोमन अक्षरांची भेळ. मजकूर कुठे गेलेला नसतो. युनिकोडच्या (प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या) आधीच्या या फॉन्टमध्ये फाइलच्या पोटात रोमन अक्षरंच असतात आणि मराठी आकार फॉन्ट पुरवतो. फॉन्ट नाही, तर मराठी नाही. जुनी डिस्क जोडून विंडोजच्या ‘फॉन्ट्स’ फोल्डरमधून ते उचलले. काही तिथेही नव्हते, ते युजरच्या ‘ॲपडेटा’मध्ये दडलेले निघाले. नव्या मजकुरासाठी मराठी फोनेटिक कीबोर्ड सिस्टीममध्येच आहे. भाषा जोडली की विंडोज बटण आणि स्पेसबार दाबून अदलाबदल होते.

रोजच्या वापरात पहिले काही दिवस घरात एकच प्रश्न होता, “स्टार्ट कुठे गेलं?” सेटिंग्जमधून टास्कबारवरचे आयकॉन डावीकडे सरकवले आणि भांडण मिटलं. राइट क्लिकचा आखूड मेनू मला अजूनही पटलेला नाही. नेहमीचं काम ‘शो मोअर ऑप्शन्स’च्या आड असतं. शिफ्ट दाबून राइट क्लिक केलं की जुना मेनू थेट येतो, आता बोटांनाच ती सवय लागली आहे. फाइल एक्सप्लोररमधले टॅब मात्र इतके कामाचे आहेत की विंडोज १० वर परत बसलो तर चुकल्यासारखं होतं. वर्डपॅड विंडोज ११ च्या २४एच२ या अपडेटपासून काढून टाकलंय, आरटीएफ फाइल्स आता लिब्रेऑफिसमध्ये उघडतो.

एका गोष्टीकडे मात्र कानाडोळा करू नका. २४एच२ कोरं टाकून मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं, की बहुतेक मशीनवर डिस्क आपोआप एन्क्रिप्ट होते (किल्लीशिवाय वाचता येत नाही), होम आवृत्तीतसुद्धा. चोरी झाली तर हे चांगलंच आहे. पण बायोस अपडेट केल्यावर निळ्या पडद्यावर ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाऊ शकते. ती त्याच अकाउंटमध्ये साठवलेली असते, आणि अकाउंटचा पासवर्ड कुणालाच आठवत नसेल तर डिस्कवरचे फोटो गेलेच म्हणून समजा. मी की कागदावर लिहून घरच्या कागदपत्रांच्या फाइलमध्ये लावली आहे. बायोसला हात लावायच्या आधी एन्क्रिप्शन तात्पुरतं सस्पेंड करतो.

स्कॅनर अजून अडलेलाच आहे. कंपनीने त्याचा नवा ड्रायव्हर काढलेला नाही आणि जुना ड्रायव्हर विंडोजची ‘मेमरी इंटिग्रिटी’ ही सुरक्षेची सोय चालू असताना लोड होत नाही. ती बंद केली की स्कॅनर चालतो, पण एका स्कॅनरपायी अख्ख्या संगणकाचं संरक्षण उतरवायला मी तयार नाही. एखादं पान असेल तर फोनने काढतो. जास्त असतील तर स्कॅनर जुन्या लॅपटॉपला लावतो. त्यावर अजून विंडोज १० आहे आणि तो मी इंटरनेटला जोडत नाही.